उजेडाचं पासिंग

पूर्वी ताथवड्यात रात्री समोरून काय येतंय, हे नुसत्या उजेडावरून ओळखता यायचं. दोन पिवळे दिवे आणि टपावर लाल-हिरवी रोषणाई, म्हणजे हायवे सोडून सर्व्हिस रोडला उतरलेला ट्रक. एकच दिवा आणि तोही कडेच्या झाडांच्या शेंड्यांवर रोखलेला, म्हणजे दूधवाला. दिवा नाही, पण जमीन हादरतेय, म्हणजे ट्रॅक्टर. आणि एक मंद दिवा मध्येच मोठा होतोय, मध्येच विझायला येतोय, म्हणजे थर्ड शिफ्टला निघालेला कुणीतरी शंभर सीसीची मोटरसायकल खड्ड्यांतून काढतोय.

ही विद्या आता बुडाली. हल्ली भूमकर चौकाच्या बाजूने लख्ख पांढरा गोळा येतो. एवढ्या उजेडामागे किमान वीस लाखांची गाडी असणार असा हिशेब करून आपण अदबीने गटाराकडे सरकतो. गोळा शेजारून जातो आणि डोळ्यांपुढचे हिरवे-जांभळे ठिपके ओसरल्यावर पाठमोरी दिसते ती पंचवीस वर्षांची मोटरसायकल. साइड पॅनल सुतळीने बांधलेलं, सीटला टेप, हँडलला मेथीच्या जुड्या. पुढून शोरूम, मागून भंगार.

जुन्या गाडीला एलईडी बसवायची साथ आमच्याकडे आली आहे.

ताथवडे म्हणजे फलटणच्या बाजूला संतोषगडाच्या पायथ्याशी आहे ते नव्हे. हे आमचं मुंबई-बेंगळुरू हायवेच्या कडेचं. नृसिंहाचं देऊळ, सरकारचं वळू माता प्रक्षेत्र, इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची कॉलेजं, आणि उरलेल्या जागेत वीस-वीस मजली टॉवर. २००९ साली गाव महापालिकेत गेलं, त्यानंतर गावात गाव शोधावं लागतं. पण टॉवरच्या पार्किंगमध्ये उतरलात की हा सगळा पट्टा एका नजरेत कळतो. हप्त्यावरच्या चारचाकीवर कव्हर असतं आणि ती रविवारी धुतात. खांबाच्या आडोशाला, सोसायटीच्या नियमात न बसणाऱ्या तिरक्या जागेत जुनी मोटरसायकल असते, आणि ती चालवतात.

साथ इथे जोरात पसरायला आणखी एक कारण आहे. आकुर्डीला चेतक बनायची तेव्हापासून या भागात घरटी एकाने दुचाकीचा कुठला ना कुठला पार्ट हाताळलेला आहे. चेतक १९७२ ची. २००१ मध्ये पल्सर आली आणि चाकणची बस धरणाऱ्यांची रांग वाढली. त्यांच्या आगेमागे भोसरीपासून म्हाळुंग्यापर्यंत व्हेंडर कंपन्या उगवल्या. कुणी ब्रॅकेट ठोकतं, कुणी हार्नेस विणतं, कुणी रबराची बुशं मोजतं. त्यामुळे इथे बल्ब बदलायचा तर सल्ला मागावा लागत नाही. तुम्ही गाडीशेजारी उकिडवे बसलात की तो आपण होऊन लिफ्टमधून खाली येतो. आयुष्यभर फक्त साइड स्टँडची स्प्रिंग तपासलेला माणूस मत मात्र अख्ख्या गाडीवर देतो.

आमच्या विंगमधले काका एका कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झाले. त्यांची गाडी सन २००० ची, एमएच-१४. कंपनीचं नाव सांगत नाही. चारचौघांत असते तशी शंभर सीसी, फोर स्ट्रोक. तिच्या ॲव्हरेजबद्दल काका जे आकडे सांगतात ते पाहता पेट्रोल टाकायचं कारणच उरत नाही. २०१५ मध्ये सरकारने उजाला योजना काढली, एलईडी बल्ब स्वस्तात मिळू लागले आणि काकांनी घर बदलायला घेतलं. हॉल झाला, किचन झालं, देवघरातला झिरोचा बल्बही गेला. घरातले होल्डर संपल्यावर त्यांची नजर पार्किंगकडे वळली.

तक्रार तशी रास्त होती. त्या जमान्यातल्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. तो थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. रेस केली तर उजेड, रेस सोडली तर अंधार. मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर गाडी पळत असते तेव्हा लख्ख दिसतं, आणि तिथे पाहण्यासारखं काही नसतं. खड्डा आला की माणूस गाडी हळू करतो, इंजिन मंदावतं, आणि नेमका खड्डा बघायचा त्या क्षणी दिवा मान टाकतो. यावर जुन्या लोकांनी उपाय काढला होता: क्लच दाबायचा, जागेवर रेस करायची, उजेडात खड्डा बघून घ्यायचा आणि मग त्यात जायचं. चौकातल्या अंधारात दहा-बारा गाड्या एकदम व्हुम्म-व्हुम्म करायला लागल्या की नवख्याला वाटायचं शर्यत सुटतेय. सगळे फक्त रस्ता शोधत असायचे.

काका बल्ब आणायला ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. सोबत मला नेलं. खरेदीला साक्षीदार लागतो.

“किती वॅटचा देऊ काका?”

“काय काय आहेत?”

“चाळीस, ऐंशी, एकशेवीस, दोनशे.”

शंभर सीसीच्या जुन्या गाडीचा मॅग्नेटो सगळा जोर लावूनही दोनशे वॅट काढत नाही. कंपनीने दिलेला बल्ब पस्तीस वॅटचा असतो. पण खोक्यावर एका बाजूला दोनशे वॅट आणि दुसऱ्या बाजूला वीज बचत असं शेजारी शेजारी छापलेलं होतं आणि दोन्ही बाजू गुण्यागोविंदाने नांदत होत्या. मग दुकानदाराने विचारलं, “केल्विन कितीचं पाहिजे? सहा हजार केल्विन आहे.” काकांना केल्विन म्हणजे फ्रिजवाले वाटले. ते म्हणाले, “दुसऱ्या कंपनीचा दाखवा.”

केल्विनवरून उजेडाचा रंग मोजतात. हॅलोजन तीन हजारांच्या आसपास, म्हणून पिवळसर. सहा हजार म्हणजे दवाखान्यातला पांढरा, निळ्याकडे झुकणारा. हा निळा मिळवायला जगाचा फार घाम निघालेला आहे. लाल एलईडी १९६२ मध्येच बनला होता. निळा मात्र पुढची तीस वर्षं हुलकावणी देत राहिला. अखेर आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी तो जमवला आणि २०१४ मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड पडतो. जगाची वीज वाचावी ही नोबेलवाल्यांची इच्छा. त्यांनी पुनावळ्याचा अंडरपास पाहिलेला नसणार.

बल्ब घेऊन आम्ही डांगे चौकाच्या अलीकडे मेकॅनिककडे गेलो. हा मूळचा लातूरकडचा. गाडीचा आवाज शंभर फुटांवरून ऐकून रोग सांगतो आणि बिल मात्र गाडी उघडल्यावरच सांगतो. त्याने हेडलाइटचा डोम उघडला. आत पंचवीस वर्षांचं वायरिंग होतं. प्रत्येक मेकॅनिक आपापल्या आवडत्या रंगाची टेप गुंडाळून गेलेला. एलईडी बल्बच्या बुडाला ॲल्युमिनियमचे पंख असतात आणि त्यामागे बोटाच्या पेराएवढा पंखा. उजेड थंड वाटला तरी चिप तापते, ती गार ठेवायला हवा लागते. म्हणजे बल्ब आत, बल्बचा पंखा आत, वायरिंग आत, आणि डोम तेवढाच. मेकॅनिकने डोम गुडघ्याने दाबून धरला आणि स्क्रू पिळला. “बसतं हो काका. सगळं बसतं.”

किक मारली. दिवा लागला आणि थरथरायला लागला. आयडलला तर तो लुकलुक करून थट्टाच करत होता.

“बल्ब खराब निघाला,” काका म्हणाले.

“बल्ब चांगलाय काका. गाडी खराब आहे.”

मॅग्नेटोतून येतो तो एसी. करंट सारखा दिशा बदलतो. जुन्या बल्बमधल्या तापलेल्या तारेला याचं काही वाटत नाही. करंट क्षणभर गेला तरी विझायला तिला वेळ लागतो, तेवढ्यात तो परत येतो. एलईडी पडला डायोड. करंट एका बाजूने आला तरच जळणार, उलटा आला की त्याच क्षणी काळोख. उपाय काय? हेडलाइट डीसी करायचा. त्यासाठी मॅग्नेटोची कॉइल प्लेट बाहेर काढायची, तिचं अर्थिंग तोडायचं, तिथून वेगळी वायर काढायची, करंट आवरून सरळ करणाऱ्या जुन्या आरआर युनिटच्या जागी फुल वेव्हचं नवं बसवायचं. आता सगळा भार बॅटरीवर, म्हणून बॅटरी मोठी. बॅटरी मोठी, म्हणून तिचा खोका कापायचा. मॅग्नेटोचं कव्हर उघडलंच आहे तर ऑइल बदलायचं. साडेसातशे रुपयांच्या बल्बसाठी गाडीचं पोट फाडलं गेलं. काका स्टुलावर बसून म्हणाले, “उघडलंच आहे तर क्लच प्लेटही बघून घे.”

दिवाळीला एकच भिंत रंगवावी आणि मग उरलेल्या तीन भिंतींकडे बघवू नये, तसं काकांचं झालं. हेडलाइट पांढरा झाला आणि इंडिकेटर त्यांना पिवळट दिसायला लागले. इंडिकेटर पिवळटच असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. चार एलईडी आणले, रविवारी पार्किंगमध्ये आम्हीच बसवले. डावा इंडिकेटर दिला. तो लागला आणि लागूनच राहिला. लुकलुकायचं नाव नाही.

मग लिफ्ट भराभर खाली यायला लागली. जमलेल्यांत एक क्वालिटीवाले होते. ते म्हणाले, “आधी व्हाय-व्हाय करू.” चाकणमध्ये ज्याने पाच वर्षं काढली आहेत तो घरातलं दूध उतू गेलं तरी व्हाय-व्हाय ॲनालिसिस करतो. इंडिकेटर का लुकलुकत नाही? कारण फ्लॅशर चालत नाही. फ्लॅशर का चालत नाही? कारण आतली पट्टी तापून वाकत नाही. का तापत नाही? कारण करंट कमी जातोय. का कमी जातोय? कारण एलईडी करंट कमी खातो. एलईडी का लावले? इथे सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. रूट कॉज सापडलं होतं, पण वयाने मोठं असल्यामुळे क्लोज करता येईना.

त्यावर इंटरनेटच्या ज्ञानातून एकाने तोडगा सुचवला: प्रत्येक इंडिकेटरला समांतर एक रेझिस्टर जोडा, म्हणजे फ्लॅशरला जुन्याइतकाच करंट जातोय असं वाटेल. थोडक्यात, दहा वॅटचा बल्ब काढून एक-दोन वॅटचा एलईडी बसवायचा आणि वाचलेले आठ-नऊ वॅट शेजारी रेझिस्टरमध्ये जाळून टाकायचे. बचतही झाली आणि खर्चही तेवढाच. महापालिकेच्या बजेटचा अनुभव असलेल्या एका माजी पदाधिकाऱ्यांना ही योजना फार आवडली.

सुदैवाने इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो. तो बसवला, आणि इंडिकेटर लुकलुकायला लागला. डावा दिला, डावा लुकलुकला. उजवाही लुकलुकला. उजवा दिला, तरी चारही. काकांची गाडी सगळ्या दिशांना एकाच वेळी वळायला तयार झाली.

हा घोटाळा डॅशबोर्डातला. बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्याला मिळून मीटरमध्ये एकच बारीक हिरवा बल्ब असतो, आणि तो डाव्या वायरीच्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो. डावीकडचा करंट या बल्बातून उजवीकडे जातो आणि उजव्या इंडिकेटरच्या तारांमधून अर्थ होतो. तो इतका थोडा असतो की उजव्या बल्बच्या जाड तारेला जाणवत नाही. पण एलईडीला तेवढा पुरतो. तो लगेच हात वर करतो.

क्वालिटीवाल्यांनी फिशबोन काढायला कागद मागवला. तेवढ्यात सहाव्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या पोरांपैकी एक जण पाण्याचा जार घेऊन चालला होता. इथल्याच राजर्षी शाहू कॉलेजला, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाला, “काका, दोन डायोड लागतील. वन एन फोर झिरो झिरो सेव्हन. मीटरचा बल्ब मधून काढा, दोन्ही बाजूंनी एकेक डायोड लावून त्याला द्या आणि त्याचं दुसरं टोक अर्थ करा.” किंमत विचारली तर म्हणाला, दोन-तीन रुपयांना एक. मंडळी गप्प झाली. एवढा स्वस्त उपाय बरोबर असेल यावर कुणाचा विश्वास बसेना. पण पोराने खोलीतून सोल्डरिंग गन आणली आणि दहा मिनिटांत काम करून दिलं. काकूंनी त्याला पोहे दिले. दोन ताटल्या खाऊन पोरगं वर गेलं आणि क्वालिटीवाले म्हणाले, “बघा, मी म्हणालोच होतो की प्रॉब्लेम मीटरच्या एरियात आहे.”

खरं म्हणजे डांगे चौकात इंडिकेटर कोण बघतं? तिथे वळण्याची खूण पायाने देतात. डावा पाय बाहेर काढून हलवला की डावीकडे, आणि मागे बसलेल्याने हात पसरला की उजवीकडे. चारही इंडिकेटर लुकलुकत असते तरी कुणाचं काही अडलं नसतं. उलट लोकांनी खरंच वाट दिली असती.

राहिला मागचा लाइट. इथे काकांनी पांढरा एलईडी घातला आणि टेललाइट गुलाबी पडला. फॉस्फरच्या पांढऱ्यात लाल रंग मुळातच कमी. लाल काचेमागे लाल एलईडीच लावायचा असतो, केशरी काचेमागे केशरी. म्हणून लाल आणला. लाल भडक दिसला, सगळे खूश. पण टेललाइटच्या बुडाला एक पारदर्शक खिडकी असते आणि त्याच बल्बचा उजेड तिच्यातून नंबर प्लेटवर पडतो. काकांची नंबर प्लेट लालबुंद झाली. आणि ही प्लेट साधीसुधी नव्हे. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लावायचा हुकूम निघालेला. मुदत संपतेय, वाढतेय, पुन्हा संपतेय या धामधुमीत ऑनलाइन अपॉइंटमेंट घेऊन, दोनदा ओटीपी चुकवून काकांनी ती लावून घेतली होती. होलोग्रामसकट, लेझरने कोरलेल्या नंबरासकट. ती आता रात्री फोटो स्टुडिओच्या डार्करूममधल्यासारखी दिसत होती. शेवटी टेललाइटला जुनाच बल्ब परत गेला. या सगळ्या प्रकरणात बिनबोभाट काम केलेला तो एकटाच.

पण पुढचा प्रकाश काही काकांनी सोडला नाही. पहिल्या रात्री ते एक फेरी मारून आले तेव्हा भारावले होते. “अरे, पार टोकापर्यंत दिसतं! झाडावरचा पक्षी दिसला!” खालचा रस्ता दिसला का, हे विचारायचं आमच्या मनात होतं. कारण गोम तिथेच आहे.

जुन्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची चिमुकली वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परतून खाली, रस्त्यावर उतरतो. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा भाग त्या वाटीने अडवलेला असतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक ती तार नेमकी कुठे आहे ते गृहीत धरून काढलेला असतो. एलईडीची चिप तिथून दोन मिलिमीटर जरी पुढे-मागे बसली तरी उजेड वाटेल तिकडे उधळतो: थोडा झाडावर, थोडा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, बराचसा समोरून येणाऱ्याच्या बुबुळात. त्यात पाऊस असला की पांढरा उजेड थेंबांवरच चमकतो आणि ओल्या डांबराचा पत्ता लागत नाही. काकांना पक्षी दिसतो, कारण सगळा उजेड पक्ष्याकडे गेलेला असतो.

हे नीट बसलंय की नाही ते तपासायला पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ सालची वाहनं तपासणारी संस्था आहे, चाकणला तिची आणखी जागा आहे, आणि वाहनांच्या चाचण्या करणारी सीआयआरटी तर भोसरीतच. तिथे अंधाऱ्या खोलीत समोर पडदा लावून, कुठल्या बिंदूवर किती उजेड पडला ते मोजतात. आमचा मेकॅनिक तेच काम समोरच्या कपड्यांच्या दुकानाच्या शटरवर करतो. शटर उजळलं आणि आतला शेठ ओरडला नाही, म्हणजे टेस्ट पास.

कायद्याचंही म्हणणं आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीने नोंदवून दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “कायदा गाडीत बदल करणाऱ्यांसाठी आहे. मी सुधारणा केली.”

आता सगळ्यांनीच सुधारणा केल्यावर काय होतं, ते बघायचं असेल तर पावसाळ्यात संध्याकाळी सातला पुनावळ्याच्या अंडरपासला या. इकडून हिंजवडीतून सुटलेले, तिकडून सेकंड शिफ्टवरून लवकर निघालेले. समोरच्याचा दिवा डोळ्यांत गेला म्हणून याने अप्पर लावला, याचा अप्पर पाहून त्याने लावला, मागचे दोघे फॉग लाइट घेऊन सामील झाले. खालच्या पाण्यात सगळ्यांचे उजेड दुपटीने परत येतात. एवढा प्रकाश त्या बोगद्यात भर दुपारीही नसतो, आणि कुणालाही काहीही दिसत नाही. सगळे डोळ्यांवर हात धरून, एक पाय पाण्यात घालून तळ चाचपत पुढे सरकतात. पाय हे साधन अजून एलईडीत मिळत नाही.

पूर्वी याच रस्त्यावर परोपकाराची एक खूण होती. दिवसा कुणाचा दिवा चालू राहिला तर समोरचे अनोळखी लोक हात उंचावून पाची बोटांची उघडझाप करून सांगायचे: बाबा, लाइट चालू आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप पेटणारा दिवा सक्तीचा झाला आणि ही खूण संपली. आज ती केली तर निम्मा रस्ता बोटं हलवत बसेल. तरी काकांना लोक अजून भर उन्हात बोटं दाखवतात. काका प्रत्येकाला हसून हात करतात. त्यांना वाटतं, लोक नव्या लाइटचं कौतुक करतायत.

काकूंचं मत वेगळं होतं. गाडीवर मागे बसून वाकडच्या लग्नाला जाऊन आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “समोरून येणारा प्रत्येक माणूस यांना काहीतरी बोलून जात होता. निम्मे शब्द मला पहिल्यांदाच ऐकायला मिळाले.”

अशात काकांच्या गाडीचं पासिंग आलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी पर्यावरण कर भरायचा, गाडी दाखवायची आणि मुदत वाढवून आणायची. २००० ची गाडी. २०१५ झालं, २०२० झालं, मग २०२५ आलं. काका मेकॅनिककडे गेले. त्याने काही न विचारता फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले कंपनीचे जुने बल्ब, जुने आरसे, जुने हॉर्न. “पासिंगचा डबा आहे. सगळे याच्यातूनच जातात. पास झाले की आणून देतात.” काकांच्याच गाडीचा पस्तीस वॅटचा बल्ब त्याने कापसाने पुसला आणि लावला. डोम उघडलाच होता म्हणून पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आतला रिफ्लेक्टर पुसला, आणि काच धुळीने पिवळी पडली होती ती नवी टाकली.

आरटीओत साहेबांनी हेडलाइट लावायला सांगितला. काकांनी सवयीने रेस करायला मूठ पिळली, पण गरज पडली नाही. हेडलाइट आता बॅटरीवर होता. आयडललाही ढळला नाही. समोरच्या भिंतीवर पिवळसर, स्वच्छ, खाली उतरलेला पट्टा पडला, वरच्या कडेला सुरीने कापल्यासारखा. साहेबांनी अप्पर मागितला, डिपर मागितला, आणि म्हणाले, “पंचवीस वर्षांच्या गाडीला एवढा चांगला लाइट? एलईडी-बिलेडी लावलाय का?”

“छे हो,” काका म्हणाले, “कंपनीचाच आहे.”

परत येताना अंधार पडला होता. खड्डे दिसले. स्पीडब्रेकर दिसले. समोरून येणाऱ्यांपैकी कुणी आईची विचारपूस केली नाही. दुसऱ्या दिवशी बल्ब डब्यात परत करायला गेले तेव्हा मेकॅनिकने विचारलं, “हाच राहू द्यायचा का काका? उजेड चांगला पडतोय. करंट सरळ झाला, काच साफ झाली, याला आणि काय पाहिजे?”

काकांनी बराच वेळ विचार केला. “खरं सांगू? इतकं स्वच्छ मला त्या एलईडीतही दिसत नव्हतं.”

“मग ठेवा की.”

“अरे, पण त्याचे पैसे दिलेत ना!”

मेकॅनिकने डोम पुन्हा गुडघ्याने दाबून धरला आणि एलईडी बसवला. जुना बल्ब मात्र काकांनी या वेळी डब्यात टाकू दिला नाही. घरी आणला, वर्तमानपत्रात गुंडाळला, वर बॉलपेनने ‘पासिंग, २०३०’ असं लिहिलं आणि कपाटात गाडीच्या आरसी बुकाशेजारी ठेवून दिला.